चिंगीचा दिवस

प्राण्यांना क्रूरतेनं वागवायला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात काय काय केलं म्हणजे क्रूरता होते, याची लांबलचक यादी आहे. मारणं, लाथा घालणं, उपाशी ठेवणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं हे त्यात असणारच. पण त्याच यादीत एक पोटकलम खास कुत्र्यांसाठी घातलेलं आहे. कुत्रा सदा बांधलेला किंवा कोंडलेला असेल आणि मालक त्याला पुरेसं हिंडवत नसेल, तर तीही क्रूरता. म्हणजे दोन वेळा खायला घातलं, अंगाला हात लावला नाही, एवढ्यानं मालकाची सुटका नाही. भरतनाट्यमसाठी आपण ज्यांना ओळखतो त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल तेव्हा राज्यसभेत होत्या आणि हा कायदा व्हावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला होता. पुढे १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात आता कुत्र्याच्या बिस्किटांचा बरा पुडाही येत नाही.

दंडाचं सोडा. मला त्या पोटकलमाचं अप्रूप वाटतं ते यासाठी, की त्यात प्रेमाबिमाचा उल्लेख नाही. ‘माझं माझ्या कुत्र्यावर फार प्रेम आहे हो’ असं सांगणारी माणसं आमच्या सोसायटीत घरटी एक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. कायदा त्यांना, आणि चिंगी नावाची कुत्री पाळणाऱ्या मलाही, एवढंच विचारतो, की आज फिरवलंत का?

कुत्र्याला फिरवायचं असतं, हे आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर ते तंबाखू थुंकून हसले असते. कराडच्या बाजूला आमचं गाव. मळ्यावर मोत्या नावाचा कुत्रा होता. आजोबा पहाटे दारं धरायला निघाले की तो पुढं. ऊन चढलं की पाटाच्या ओल्या मातीत पोट टेकून पडायचा. दुपारी कडब्याच्या गंजीची सावली, संध्याकाळी दूध घालायला निघालेल्या काकाच्या सायकलीमागं डेअरीपर्यंत, वाटेत दुसऱ्या वस्तीच्या कुत्र्यांशी ठरलेली भांडणं, रात्री उसातल्या कोल्ह्यांवर भुंकणं. खायला शिळी भाकरी ताकात कुस्करून. दिवसभरात कुठं जायचं, कुणाशी बोलायचं, कुणाला टाळायचं आणि कधी झोपायचं हे सगळं मोत्याचं मोत्या ठरवायचा.

यावरून ‘गावाकडची कुत्री किती सुखी’ असा सूर लावणारे भेटले की मी विषय बदलतो. मोत्याला जन्मात एक इंजेक्शन मिळालं नाही. भांडणात कान फाटला तर हळद-तेल, तेही आजीला दिसलं तर. पावसाळ्यात पिल्लं पटापट मरायची आणि ‘रोग आला’ एवढंच कारण सांगितलं जायचं. आता कळतं, तो बहुधा पार्व्हो किंवा डिस्टेंपर असणार. शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा पिसाळला तेव्हा त्याला काठ्यांनी मारलं, आम्ही पोरं लांबून बघत होतो. कुत्रा हाल खाणार नाही म्हणतात ना, ते हाल त्या कुत्र्यांनीच खाल्ले. मोत्या उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. दुसऱ्या दिवशी घरात एक भाकरी कमी थापली गेली, याउपर काही झालं नाही.

चिंगी आमच्याकडे आली ती कोथरूडमधल्या एका बांधकामावरून. इमारत पुरी झाली, मजुरांची पालं उठली, आणि त्यांच्या भाकरीवर वाढलेली कुत्री मागं राहिली. वॉचमननं दोन पिल्लं एका खोक्यात घालून गेटजवळ ठेवली होती. एक कुणीतरी आधीच नेलं होतं, उरलेली ही. तांबूस रंग, काळं तोंड, एक कान उभा आणि एक पडलेला. आता तिचे दोन्ही कान उभे असतात आणि वय बऱ्यापैकी झालंय.

मोत्याला जे मिळालं नाही ते सगळं चिंगीला मिळतं. लसी वेळेवर, गादी, पंखा, आजारी पडली तर रात्री डॉक्टरांना फोन. पण तिच्या दिवसातलं ती काय ठरवते? कुठल्या खोलीत झोपायचं, एवढंच. कधी खायचं, काय खायचं, कधी बाहेर जायचं, कुठल्या बाजूला वळायचं, दुसऱ्या कुत्र्याजवळ थांबायचं की नाही, हे सगळं आम्ही ठरवतो. तिला शू लागली तरी माझी मीटिंग संपेपर्यंत, मग चपला सापडेपर्यंत, मग लिफ्ट वर येईपर्यंत तिनं धरून ठेवायची. तीन मजले खाली जाऊन परत यायला तिला कुणाची तरी परवानगी लागते आणि ती मागायला तिच्याकडे दारासमोर बसणं आणि टक लावून बघणं याखेरीज काही नाही.

मोत्याचे हाल होते पण दिवस त्याचा होता. चिंगीचे लाड होतात, पण तिचा दिवस आमच्या ताब्यात आहे. फ्लॅटमध्ये कुत्रं पाळायचं असेल तर त्या दिवसातला थोडा भाग तिला परत द्यावा लागतो. जबाबदार मालक वगैरे जे म्हणतात, त्यातलं निम्मं तरी मला यातच दिसतं.

परत द्यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे फेरी. आमच्या गेटबाहेर उजव्या हाताला विजेचा डीपी आहे. त्याच्या एका कोपऱ्याशी चिंगी रोज थांबते. आधी लांबून नाक वर करून हवा घेते, मग जवळ जाऊन खालच्या काठाशी नाक नेते. हुंगताना ती एक मोठा श्वास घेत नाही, बारीक बारीक झटक्यांनी हवा ओढत राहते. नाकपुड्यांच्या कडेला ज्या चिरा असतात ना, त्यांतून उच्छ्वास बाजूला निघून जातो, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही आणि नवा आत येत राहतो. जमिनीवरची धूळ त्या उच्छ्वासानं कडेला हलते, वाकून पाहिलं तर दिसतं. मग ती थांबते, पुन्हा त्याच बोटभर जागेवर येते, एकदा चाटते, दात किंचित वाजवते. टाळूच्या वर कुत्र्याला आणखी एक इंद्रिय असतं, वास तिकडे पोचवायची ही रीत. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० कोटींपासून ३० कोटींपर्यंत. तो कोपरा म्हणजे त्यांची चावडी. रात्रीत कोण येऊन गेलं, नर की मादी, माजावर आलेली आहे का, घाबरलेलं होतं का, सगळं तिथं लिहिलेलं. वाचून झालं की ती स्वतःचे दोन थेंब टाकते आणि मगच पुढं निघते.

आता सकाळी साडेसहाला गेटवर उभं राहून बघा. कानात इयरफोन घातलेली माणसं निघतात. कुत्रं थांबलं की पट्टा ओढला जातो. ‘चल रे, घाण आहे ती.’ परत थांबलं की परत हिसका. काही घरांनी कुत्री फिरवायला मुलगा ठेवलाय. तो एका हातात तीन पट्टे आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन कुत्र्यांना रस्त्यावरून ओढत नेतो आणि वीस मिनिटांत परत आणून सोडतो. तिन्ही कुत्र्यांचं पोट साफ झालेलं असतं. पोरगं आपलं काम चोख करतंय, त्याला बोल लावायचं कारण नाही. पण कुत्र्याच्या हिशेबानं ते स्वतः बाहेर गेलंच नाही. असलाच एक लॅब्रडॉर दुपारी घरात सोफा फाडतो, मालकीणबाई कपाळाला हात लावून म्हणतात, ‘एवढं फिरवतो तरी याची मस्ती जिरत नाही.’

मस्ती पायांनी थोडी जिरते आणि नाकानं जास्त. चिंगीला वेताळ टेकडीवर नेलं की मी पट्टा लांब ठेवतो आणि मागं मागं जातो. सोडत नाही. टेकडीवर मोर आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, आणि चिंगी कितीही गुणाची असली तरी तिचे पूर्वज काय खायचे हे मला ठाऊक आहे. तासाभरात आम्ही फारसं अंतर काटत नाही. जॉगिंग करणारे आमच्याकडे दयेनं बघत पुढं जातात. पण घरी आल्यावर ती जी ताणून देते ती दुपारपर्यंत. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, ती झोप दमून आलेली की कंटाळून आलेली, एवढाच काय तो प्रश्न.

फेरीचा विषय निघाला की सोसायटीचा निघतोच. कुत्र्यांवरून भांडणं हा काही नवा उद्योग नाही. मुंबईत १८३२ साली पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली म्हणून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती, चक्क दंगल झाली होती. आमच्याकडे दंगल व्हॉट्सअॅपवर होते. प्राणी कल्याण मंडळानं २०१५ साली परिपत्रक काढून सांगितलंय, की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. हे परिपत्रक प्रत्येक कुत्रेवाल्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह असतं. त्याच परिपत्रकात सार्वजनिक जागेत पट्टा लावा आणि कुत्र्याची घाण साफ करा असंही सांगितलंय. तो भाग फॉरवर्ड होताना मी पाहिलेला नाही.

या बाबतीत माझी सहानुभूती कुत्रा नसलेल्यांकडे जाते, काय करणार. खालच्या मजल्यावरच्या आजींचा पाय सकाळी सकाळी त्यात पडला तर त्यांनी भूतदया कुठून आणायची? जुना पेपर किंवा पिशवी खिशात ठेवणं, वाकणं, उचलणं, कचऱ्यात टाकणं याला अर्धं मिनिट लागतं. लिफ्टमध्ये कुणी कुत्र्याला भीत असेल तर आपण पुढची लिफ्ट घ्यावी. ‘अहो, काही करत नाही ती’ हे वाक्य तर मी घरात बंदच करून टाकलंय. लहानपणी कुत्रा चावलेल्या माणसाला चिंगीच्या स्वभावाची हमी देऊन काय उपयोग?

शिवाय ती हमी द्यायला आपण तिचं बोलणं ओळखायला हवं. बहुतेक घरांत ते ओळखत नाहीत. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, भुंकतोय म्हणजे चावणार नाही, एवढ्या दोन समजुतींवर आपलं सगळं चाललेलं असतं आणि दोन्ही धोक्याच्या आहेत. ताठ उभी धरून बारीक थरथरवलेली शेपटी आणि कमरेपासून सगळं अंग घुसळत हलवलेली शेपटी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. भुंकणारा चावतोही, भुंकून भागलं नाही की.

मागं आमच्याकडे पाहुणे आले होते. त्यांचा चार वर्षांचा नातू चिंगीच्या गळ्यात पडला. सगळे ‘अय्या, किती गोड’ करून फोटो काढायला लागले. मी चिंगीकडे बघत होतो. तिनं तोंड बाजूला वळवलं. जीभ पटकन नाकावरून फिरवली, समोर खायला काही नव्हतं तरी. मग एक मोठी जांभई दिली, झोप आलेली नसताना. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलं आणि अंग थिजल्यासारखं झालं. एवढं सगळं दहा सेकंदांत. ती म्हणत होती, मला सोडवा. मी पोराला उचललं, त्याच्या हातात चेंडू दिला, आणि चिंगी दिवाणाखाली गेली. पोराची आजी म्हणाली, ‘अहो भाऊजी, ती किती शांत बसली होती, कशाला उचललंत?’ मी म्हटलं, ‘वहिनी, ती शांत नव्हती, घाबरली होती.’ वहिनींना पटलं नाही. फोटो मात्र नंतर नीट पाहिला तेव्हा त्यांनीच विचारलं, की हिचे डोळे असे का दिसतायत?

याच्या पुढची पायरी गुरगुरणं. कुत्रं गुरगुरलं की त्याला रागवायचं, चापट मारायची, ही आपल्याकडची शिस्त. गुरगुरणं ही नोटीस आहे. नोटीस दिल्याबद्दल मार मिळतो हे कळलं की कुत्रं नोटीस देणं सोडून देतं, आणि मग एक दिवस ‘काही कारण नसताना एकदम चावला’ म्हणून लोक सांगत फिरतात.

खाण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं फार भावनिक. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या मनात खोल बसलेले आहेत. चिंगीचं वजन वाढलं तेव्हा आमच्या डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, बोटांना एकही बरगडी लागली नाही, आणि ते माझ्या आईकडे बघून म्हणाले, ‘आजी, नामदेव होऊ नका.’ आईला राग आला होता. पण दूध-पोळी बंद झाली. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या पोळीवर त्यांचं भागतही नाही. सणावारी मात्र खरंच डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. कांदा-लसूण रक्ताला वाईट. चॉकलेट तर नकोच. मटणाच्या दिवशी शिजलेली हाडं प्रेमानं घालतात, ती तुटून टोकदार होतात आणि आतडं फाडू शकतात. आणि अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नये. कुत्र्याचं अंग तसंही आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नेहमीचं तापमान.

जातीविषयी बोललं की लोक दुखावतात, तरी बोलतो. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागं मागं फिरला आणि त्यानंतर शहरांत घराघरांतून पग फिरायला लागले. त्या चपट्या तोंडाच्या आत नाकाची सगळी वाट कोंबून बसवलेली असते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, थोडा पंजांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. ज्याला नीट धापच टाकता येत नाही त्यानं एप्रिलमधल्या नागपुरात किंवा जळगावात काय करायचं? तो घोरतो तेव्हा घरातले हसतात. तो श्वासासाठी झटत असतो. हस्कीची गोष्ट उलटी. बर्फात गाड्या ओढायला घडवलेलं दुहेरी केसांचं जनावर टू बीएचकेत एसीसमोर दिवस काढतं. आपल्याकडचा कारवान, सोलापूर-सांगली-लातूरकडचा लांब पायांचा शिकारी कुत्रा, काय देखणा असतो! मुधोळचा तर टपाल तिकिटावर गेला २००५ साली. पण देशी आहे म्हणून फ्लॅटमध्ये आणला तर त्याच्यावरही अन्यायच, त्याला धावायला शिवार लागतं.

पिल्लू विकत घ्यायचंच असेल तर २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराची, धड डोळे न उघडल्यासारखी दिसणारी पिल्लं खोक्यात घालून विकणारे लोक आहेत. आई आणि भावंडं यांच्यात राहूनच पिल्लू किती जोरात चावायचं नाही ते शिकतं. ती शाळा चुकली की पुढं सगळ्यांनाच निस्तरावं लागतं.

चिंगीच्या नसबंदीवरून घरात मोठा वाद झाला. आत्या म्हणाली, ‘एकदा तरी पिल्लं होऊ दे रे तिला. बाईचा जीव आहे. शाप लागेल.’ आत्या कोणाचं वाईट चिंतणारी बाई नाही, तिला खरंच वाईट वाटत होतं. मी तिला विचारलं, ‘सहा पिल्लं झाली तर पाच तू नेशील?’ ती म्हणाली, ‘मी कुठं नेऊ, मला गुडघे दुखतात.’ मग ती पिल्लं कुठं जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. चिंगी स्वतः तशाच एका खोक्यातून आलेली. पण आत्याला पटलं ते यानं नाही. समोरच्या इमारतीतल्या नऊ वर्षांच्या कुत्रीला, नसबंदी न केलेल्या, गर्भाशयात पू झाला. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तिनं खाणं सोडलं, घटाघटा पाणी प्यायला लागली, मालकांना वाटलं उन्हाळा आहे. वेळेवर ऑपरेशन झालं म्हणून वाचली. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रींत हे वरचेवर होतं आणि उशीर झाला तर जीव जातो. आत्या ऑपरेशन झालेल्या त्या कुत्रीला बघून आली आणि मला म्हणाली, ‘करून टाक चिंगीचं. मी येते त्या दिवशी.’ आली, आणि दवाखान्यात बाकावर बसून रामरक्षा म्हणत राहिली.

बाकी औषधपाण्याचं लांबण लावत नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की आणि मग दरवर्षी, यात चालढकल नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर कुत्रा काय आणि माणूस काय, उपाय जवळजवळ उरत नाही. पावसाळ्यात गोचीड. बोटांनी कानाच्या घड्या, बगला, पंज्यांच्या बेचक्या रोज चाचपायच्या, कारण गोचीड ताप गुपचूप येतो, कुत्रं नुसतं मलूल दिसतं. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, लेप्टोची लस असली तरी. उन्हाळ्यात डांबरावर आपला हात मागच्या बाजूनं टेकवून बघायचा, पाच-सात सेकंद ठेववला नाही तर फेरी संध्याकाळी.

वर्षातले अवघड दिवस मात्र वेगळे आहेत. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की चिंगीचं घर आक्रसत जातं. आधी गॅलरी सोडते, मग हॉल, विसर्जनाच्या दिवशी न्हाणीघर. दिवाळी त्याहून वाईट. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तिला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि ढोल निदान येतोय हे कळतं, फटाका न सांगता फुटतो. मला स्वतःला फटाके आवडायचे, हे सांगायला लाज कसली. आता लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमचं वेळापत्रक तिच्याभोवती लागतं. फेरी उजेड असताना उरकायची, जेवण लवकर, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, न्हाणीघरात तिची गादी आणि पंख्याचा आवाज. एकानं तिच्याजवळ बसायचं. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की त्याची भीती वाढते, असं पूर्वी सांगायचे. त्यात काही तथ्य नाही, तिला टेकायला पाठ हवी असते. फार घाबरणाऱ्या कुत्र्यांना डॉक्टर आधी काही दिवस औषध देतात, ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून मागण्यात अर्थ नाही. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच. भाऊबीजेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक खांबावर ‘हरवला आहे’चे कागद लागलेले असतात, दार जरा उघडं राहिलं आणि पळाला, एवढीच प्रत्येकाची हकीकत.

हरवलेल्यांचं निदान कुणीतरी शोधतं. टेकडीच्या पायथ्याशी कधी कधी असं कुत्रं दिसतं, की ज्याच्या मानेवर पट्ट्याची खूण असते. केस नीट, जात ओळखू येणारी, आणि प्रत्येक थांबणाऱ्या गाडीकडे धावतं. बदली झाली, बाळ झालं, घरमालक नाही म्हणाला, म्हातारं झालं. कायद्याच्या त्याच अकराव्या कलमात जनावर टाकून देणं हाही गुन्हा लिहिलेला आहे. पण नंबरप्लेट कुणी टिपून घेतलेली नसते, आणि कुत्रं तर तक्रार करायच्या ऐवजी त्याच गाडीची वाट बघतं.

म्हणून कुणी ‘कुत्रं घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ असं विचारलं, की मी जातीचं नावच काढत नाही. बाणेरला राहणाऱ्या माझ्या भाचीनं मध्यंतरी फोन केला. ‘मामा, बीगल घेऊ की गोल्डन?’ मी तिला विचारलं, तुम्ही दोघं सकाळी किती वाजता निघता, परत किती वाजता येता, दिवाळीला गावी जाता तेव्हा ते कुठं राहील, बारा वर्षांनी तू कुठं असशील, तुझ्या नवऱ्याला घाण उचलायची किळस येते का, आणि महिन्याचा खर्च कोणाच्या पगारातून? ती म्हणाली, ‘मामा, लग्न ठरवताना एवढं नव्हतं विचारलं कुणी!’

मग आम्ही असं ठरवलं, की तिनं आणि जावईबापूंनी आधी चिंगीला फिरवावं. सकाळी सहाला आमच्या दारात, रोज नाही जमलं तर शनिवार-रविवार तरी, पावसातसुद्धा, मोबाइल घरी ठेवून, आणि चिंगी थांबेल तिथं थांबायचं. पहिल्या दिवशी दोघं हौसेनं आले. डीपीच्या कोपऱ्याशी जावईबापू किती वेळ उभे राहिले ते मी गॅलरीतून बघत होतो, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं पण पट्टा ओढला नाही. माणूस बरा आहे. पुढच्या शनिवारी पाऊस होता, ते एकटेच आले, भाची झोपली होती. त्यानंतरच्या शनिवारी सव्वासहाला भाचीचा मेसेज आला, ‘मामा, काल ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, आज नाही जमत, चिंगीला सॉरी सांग.’ चिंगी तोवर खाली जाऊन आलीसुद्धा होती. कुत्रं त्यांनी अजून घेतलेलं नाही, आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. जावईबापू मात्र अजून अधूनमधून शनिवारी येतात.